जातीसाठी काढलेल्या नकलेतच सापडेल लढाईवर गेलेला आजा

मुकुटबन : जुना कागद या भागाला नवा नाही. कोळशासाठी आणि सिमेंटसाठी जमिनी गेल्या, तेव्हा वारस दाखवायला लोकांनी पन्नास-साठ वर्षांचे फेरफार उकरून काढले. पोरांच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी जात पडताळणी लागली, तेव्हा तहसीलच्या खिडकीवर रांगा लागल्या. अनुसूचित जाती-जमातीला १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ च्या आधीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. त्यामुळे झरी-जामणी तालुक्यात आज क्वचितच असे घर असेल, जिथे प्लास्टिकच्या पिशवीत आज्या-पणज्याच्या नावाची एखादी नक्कल घडी करून ठेवलेली नाही.

त्या नकलेत आपण जातीचा रकाना तेवढा बघतो. काम झाले की पिशवी पुन्हा पेटीत. पण त्याच कागदात एक माणूस असतो, त्याला मात्र कोणी शोधत नाही.

गावोगावी एखादे घर असे असतेच, जिथली म्हातारी सांगते, "आमचा आजा लढाईवर गेलता. वापस नाई आला. सरकारातून एक थाळी आली होती म्हनत, थे कोठी गेली कोन जाने." कोणती लढाई, कोणती पलटण, कुठे मेला, काहीच माहीत नसते. सांगणारी म्हातारी गेली की एवढेही उरत नाही.

आधी घरची पेटी

म्हातारीची 'थाळी' ही बहुधा दंतकथा नाही. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) मेलेल्या सैनिकाच्या घरी ब्रिटिश सरकारने एक काशाची गोल तबकडी पाठवली होती. रुंदीला सुमारे १२ सेंटिमीटर, तिच्यावर एक उभी बाई, एक सिंह आणि मेलेल्या माणसाचे नाव. हुद्दा मुद्दाम टाकलेला नाही. साहेब असो की शिपाई, मरण सारखेच, असा त्यामागचा विचार. अशा तेरा लाखांच्या वर तबकड्या वाटल्या गेल्या. आपल्याकडच्या कितीतरी पितळेच्या भावाने भंगारात गेल्या असतील.

जो जिवंत परतला त्याच्याकडे बिल्ला असतो. पहिल्या महायुद्धाच्या बिल्ल्याची कड उजेडात धरून बघावी. तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. एवढी एक ओळ हाती लागली की अर्धे काम झाले. बिल्ला चांदीचा असेल तर माणूस बहुतेक लढणाऱ्या पलटणीतला. तोच बिल्ला काशाचा असेल तर तो लेबर कोअरमधला किंवा पलटणीबरोबर गेलेला खेचरवाला, भिस्ती, स्वयंपाकी असण्याची शक्यता मोठी. म्हणून त्याला कमी समजायचे कारण नाही. दाणागोटा आणि पाणी पोचवणारा माणूस गोळीच्या टप्प्यातच असतो.

कोतवाल बुक आणि १९१८ साल

घरात काहीच नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षातले कोतवाल बुक. गावातले जन्म-मृत्यू त्यात तारखेवार असतात. बापाचे नाव, जात, गाव. जातीच्या दाखल्यासाठी काढतात ते हेच. पण एका ओळीची नक्कल घेऊन परतू नये. त्या घराच्या आगेमागे दहा वर्षांच्या नोंदी वाचाव्यात. दर दोन-तीन वर्षांनी लेकरू होणाऱ्या घरात १९१५ नंतर चार-पाच वर्षे पाळणाच हलला नसेल, तर घरधनी बाहेर होता, असा एक अंदाज निघतो. पुरावा नव्हे, पण शोध कोणत्या वर्षांत घ्यायचा ते कळते.

दुसरे बघायचे ते १९१८ चा पावसाळा सरता सरता आणि हिवाळ्याच्या तोंडावर झालेले मृत्यू. इन्फ्लुएंझाची ती साथ मध्यप्रांत-वऱ्हाडात देशातल्या सर्वांत भयंकर साथींपैकी होती. नोव्हेंबरात तिकडे युद्ध थांबले, शिपाई वाचला; इकडे घरी बायको-लेकरे गेलेली. अशी माणसे परत येऊन दुसरीकडे बसली, दुसरा संसार थाटला. म्हणून कधी कधी 'लढाईत मेला' असे गाव समजते आणि माणूस शेजारच्या तालुक्यात म्हातारा होऊन गेलेला असतो. युद्धाच्या यादीत नाव सापडत नाही तेव्हा हीही वाट तपासावी.

एक अडचण आहे. या बुकात लेकराचे नाव पुष्कळदा नसते, नुसता 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बाईची ओळख 'अमक्याची बायको' एवढीच. म्हणून म्हाताऱ्यांना विचारताना माहेरचे गाव विचारावे. नाव विसरते, माहेर विसरत नाही.

तीन अक्षरांतली विधवा

वऱ्हाडात १८६० च्या दशकापासून मुंबईच्या धर्तीवर जमिनीची मोजणी झाली. रयतवारी असल्याने कास्तकाराचे नाव थेट सरकारी कागदावर. त्यामुळे शेत असलेल्या घरचा शिपाई मेला, तर जमीन कोणाच्या नावे चढली याचा माग राहतो. पोरगा लहान असेल तर त्याच्या नावापुढे 'अ.पा.क.' ही तीन अक्षरे दिसतात. अज्ञान पालनकर्ता. पुढे आईचे नाव. नवरा परदेशात मेलेला, पोरगा पाच-सहा वर्षांचा, शेत तिने वाहिलेले, आणि कागदावर तिला मिळालेली जागा एवढीच. पोरगा सज्ञान झाला की तेही नाव कमी होते. पण सैनिकाच्या बायकोचे स्वतःचे नाव सापडण्याची ही एक भरवशाची जागा. बहिणी-लेकींची नावे जुन्या फेरफारात नसतातच म्हणा. तो धागा सोयरिकीतूनच धरावा लागतो.

बिनशेतीच्या मजूर घरांचा माग मात्र इथे लागत नाही. त्यांना कोतवाल बुक, शाळेचा दाखल-खारीज आणि म्हाताऱ्यांची आठवण एवढाच आधार.

जिल्ह्याच्या नावाचा घोळ

कागद शोधताना आपल्या जिल्ह्याने किती वेळा नाव आणि मालक बदलला, हे ध्यानात ठेवावे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पुढे हा 'वणी जिल्हा' झाला. इंग्रजीत त्याचे स्पेलिंग 'वुन' असे होते. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले. १९०५ पासून यवतमाळ, तेही इंग्रजीत 'येओतमाल' या स्पेलिंगने. १९५६ पर्यंत राजधानी नागपूर, मग मुंबई. झरी-जामणी तालुका तर अलीकडचा. जुन्या कागदात गाव वणी किंवा केळापूरखाली बघावे लागते. यादीत 'यवतमाळ' टाकून माणूस सापडला नाही, म्हणून हात टेकू नयेत. येओतमाल टाका, वुन टाका, नुसते बेरार टाका. वरच्या दप्तरासाठी नागपूरचे पुराभिलेखागार आहे, आणि पैनगंगेपलीकडच्या निजामी नोकरीचा संशय असेल तर हैदराबादचे.

पलटणीच्या नावानेही फसगत होते. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज साहेबांच्या हुकुमाखाली चालणाऱ्या 'हैदराबाद कंटिंजंट'च्या छावण्या अचलपूर, हिंगोली, जालना येथे होत्या. तिचीच एक पलटण १९०३ नंतर '९६वी बेरार इन्फंट्री' झाली. नाव वऱ्हाडचे, पण या फौजेत भरती मोठ्या प्रमाणावर उत्तर हिंदुस्थानातली. ही पलटण पुढे हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेली, आणि १९४५ मध्ये त्या रेजिमेंटचे नाव कुमाऊँ झाले. बेरारचे नाव आजही कुमाऊँच्या दुसऱ्या बटालियनपाशी आहे. तेव्हा आपला आजा 'बेरार'मध्येच असेल हे धरून चालू नये. महार समाजातल्या घरांनी १९१७ ची १११वी महार पलटण बघावी. ती युद्धानंतर मोडली आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट नव्याने उभी राहिली.

दगडावर नाव नाही म्हणून…

परदेशात मेलेल्यांची यादी राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाकडे आहे आणि संगणकावर फुकट बघता येते. नशीब असेल तर नावापुढे बापाचे नाव आणि गावही मिळते. पण बसऱ्याच्या स्मारकावर साहेबांची नावे कोरली आणि हजारो हिंदी शिपाई नुसत्या आकड्यात मांडले. घरी आलेल्या तबकडीवर हुद्दा पुसला होता. दगडावर तो परत आला. २०२१ मध्ये आयोगाने अहवाल काढून हा भेदभाव कबूल केला आणि माफी मागितली. आशिया-आफ्रिकेतल्या किमान एक लाख सोळा हजार जणांची नावे कोरलीच गेली नसावीत, असा त्यात अंदाज आहे. राहिलेली नावे शोधण्याचे काम आयोगाने हाती घेतले आहे. त्याला आपल्या गावच्या कागदाचीही गरज आहे.

कागद टिकला आणि विचारणारा मिळाला तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव भागातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले, वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, कबर मात्र सापडली नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव तेवढे आहे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. ७९ वर्षांनी परक्या गावाने आपल्या माणसाची आठवण काढली. त्यांच्यापाशी क्रॉस होता, हे खरे. आपल्या आज्यापाशी कोतवाल बुकातली एक ओळ असेल.

दुसऱ्या महायुद्धातले (१९३९-४५) प्रकरण असेल तर उशीर करू नये. पेन्शन नसलेल्या सैनिकांना व त्यांच्या विधवांना राज्य शासन दरमहा मदत देते. यवतमाळला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे; डिस्चार्ज बुक, नंबर किंवा बिल्ला जे असेल ते घेऊन तिथे चौकशी करावी. पेन्शन न मिळालेल्या शिपायांचे पलटणीतले कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात. म्हणून घरातल्या मूळ कागदाची झेरॉक्सच द्यावी, अस्सल हातचे सोडू नये.

आणि पुढच्या वेळी पोरीच्या दाखल्यासाठी ती पिशवी उघडाल, तेव्हा जातीच्या रकान्यापाशी थांबू नका. बाजूला नाव आहे. म्हातारी अजून ओट्यावर बसली असेल, तर तिला ते मोठ्याने वाचून दाखवा.