'माधवदास व्हॅक्यूम': लोणावळ्यात घडलेला शब्द

श्वास पूर्ण सोडायचा आणि पोट जणू पाठीला टेकेल इतके आत न्यायचे. जिममध्ये या व्यायामाला 'स्टमक व्हॅक्यूम' म्हणतात. 1977 ते 1979 अशी सलग तीन वर्षे 'मिस्टर ऑलिंपिया' ठरलेल्या फ्रँक झेन यांची ही पोझ विशेष गाजली. पण पोटासाठी 'व्हॅक्यूम' हा शब्द त्यांच्या कितीतरी आधी लोणावळ्यात वापरला गेला होता आणि तोही मोजमाप करून.

हे मोजमाप स्वामी कुवलयानंदांचे. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. (चिक्की आणि भुशी धरणापलीकडे लोणावळ्याची ही ओळख फारशी कोणाला नसते.) योगक्रियांत शरीरात नेमके काय घडते, हे क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहायचे, असा त्यांचा आग्रह होता.

त्यांच्यापुढे एक कोडे होते बस्तीचे. हठयोगातील या क्रियेत साधक पाण्यात बसतो आणि पिचकारी वगैरे काही नसताना पाणी गुदद्वारातून मोठ्या आतड्यात चढते. ते वर कसे जाते? कुवलयानंदांनी नौली चालू असताना मोठ्या आतड्यातील दाब मोजला. तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी भरला. म्हणजे बाहेरचा दाबच पाण्याला आत ढकलत होता. स्ट्रॉने शहाळ्याचे पाणी पितो, तेव्हाही हेच होते.

हा दाब उतरतो कसा? श्वास सोडून झाल्यावर हवा आत न घेता, नुसता श्वास घेतल्यासारखी छाती फुलवली की श्वासपटल वर उचलले जाते आणि सैल सोडलेले पोट खोल जाते. हे उड्डियान. आपल्या 'उडणे'चेच हे नातलग. त्याच स्थितीत पोटाचे मधले उभे स्नायू पुढे काढले की नौली होते आणि दाब आणखी घटतो.

या कमी दाबाला कुवलयानंदांनी नाव दिले 'माधवदास व्हॅक्यूम'. परमहंस माधवदासजी हे त्यांचे गुरू, नर्मदाकाठच्या मालसरचे योगी. 1921 मध्ये त्यांनी देह ठेवला. दाबमापकाच्या नळीत पाऱ्यावर उरणारी पोकळी टॉरिसेलीच्या, म्हणजे ती दाखवणाऱ्याच्याच नावाने ओळखली जाते. इथे मोजणाऱ्याने स्वतःचे नाव बाजूला ठेवले. पुढे तो शब्दही योगाच्या अभ्यासकांपुरताच राहिला आणि जिममध्ये व्यायाम पोहोचला तो लोणावळ्याचा उल्लेख गाळूनच.

शास्त्रीयदृष्ट्या जुना शब्दच मला अधिक प्रामाणिक वाटतो. 'स्टमक' म्हणजे जठर. मोजणी झाली ती मोठ्या आतड्यात. 'व्हॅक्यूम' मात्र दोन्हीकडे ताणलेलाच आहे, कारण तिथे पूर्ण निर्वात पोकळी नसते, दाब फक्त कमी असतो.

करून पाहायचे असेल तर पोट रिकामे हवे आणि सुरुवातीला जाणकार शिक्षक समोर हवा. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा अल्सर असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. आणखी एक, छातीत हवा भरून घेऊन पोट ओढले तर हा व्यायाम होतच नाही. तेव्हा श्वासपटल खाली दाबलेले असते.