सतरंजीखाली माती शोधणारा ससा

पहाटे पाचच्या सुमारास आमच्या नगरमधल्या सावेडीच्या घरात हॉलच्या कोपऱ्यातून आवाज सुरू होतो. खर्र खर्र खर्र. क्षणभर शांतता, पुन्हा खर्र खर्र. कापशी, आमची पांढरी सशीण, सतरंजीचा कोपरा उकरत असते. जवळ बसून पाहिलं की कळतं, हे काम ती किती शिस्तीत करते. आधी जागा हुंगते. मग पुढचे दोन्ही पाय आलटूनपालटून इतक्या वेगानं चालवते की पंजे दिसेनासे होतात. सात-आठ सेकंदांनी थांबते, आणि सतरंजीला पडलेली चुणी पंजांनी पुढे लोटून वरून थोपटते. तिथं माती नाही, पण तिचे पाय मातीचंच काम करत असतात.

शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, ‘‘अहो, वाईट खोड लागलीय तिला. दोन चापट्या द्या, मोडेल.’’ काकूंचा काही दोष नाही. आपल्याकडे ससा उकरतो हे कुणी फारसं पाहिलेलंच नसतं, कारण आपण ‘ससा’ हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांसाठी वापरतो.

आमच्याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे. तसल्या माळरानावर संध्याकाळी पायांखालून उसळी मारून पळतो तो आपला रानससा. त्याला बीळ नसतं. गवतात किंवा झुडपाखाली अंगापुरता खळगा करून तो दबून बसतो आणि संकट आलं की पायांवर भरवसा ठेवून धावत सुटतो. पाठीवर पान पडलं म्हणून आभाळ कोसळल्याच्या भीतीनं पळत सुटलेला गोष्टीतला ससा आठवा. तो पळाला, कारण शिरायला बीळ नव्हतं. गोष्ट रचणाऱ्यानं रानससा नीट पाहिलेला होता. रानसशाची पिल्लं अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. उघड्यावर जन्मणाऱ्याला तेवढी तयारी लागतेच.

घरात पाळतो तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. जगातले सगळे पाळीव ससे, पांढरे, करडे, लोंबत्या कानांचे, याच एका जातीतून आले. रानसशात ४८ गुणसूत्रं, या सशात ४४. दोघांचा संकर होत नाही. हा ससा जमिनीखाली अनेक तोंडांची बिळं खणून कळपानं राहतो. त्याची पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मतात, डोळे दहाव्या दिवसाच्या आसपास उघडतात. बीळ नसेल तर अशी पिल्लं जगूच शकत नाहीत. म्हणजे उकरणं ही या प्राण्याची खोड नाही, ती त्याची जगण्याची रीत आहे. शेकडो वर्षं पिंजऱ्यात राहूनही ती गेलेली नाही. (रानससा पकडून पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, हेही इथंच सांगून ठेवतो.)

उकरायला मिळालं नाही तर ससा शहाबादी फरशीवर नखं घासतो, गादी फोडतो, पिंजऱ्याची जाळी ओढत राहतो. सशाच्या तळव्याला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. कडक फरशीवर हे केस झिजतात आणि खालची कातडी सोलवटून जखमा होतात. तेव्हा त्याला उकरायला जागा द्यायलाच हवी. प्रश्न उरतो तो माती कुठली, याचा.

इथं मी चूक केली. शेतातून दोन घमेली काळी माती आणून टबात ओतली. आपली काळी माती म्हणजे दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. पाणी मिळालं की त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरून ते फुगतं, वाळलं की आक्रसतं. म्हणूनच पावसाळ्यात पाय निघत नाही आणि मे महिन्यात त्याच रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. टब गच्चीवर होता, वळवाची एक सर आली. दुसऱ्या दिवशी कापशी लंगडताना दिसली. उचलून पाहिलं तर बोटांमधल्या केसांत मातीच्या गोळ्या वाळून खड्यांसारख्या घट्ट झाल्या होत्या. कोमट पाण्यात पाय धरून एकेक गोळी सोडवायला पाऊण तास लागला.

मातीऐवजी मांजराची लिटर द्यावी, असं कुणाला वाटेल. पण मांजरासाठी मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी लिटर बहुधा बेंटोनाइटची असते, आणि बेंटोनाइटमध्ये मुख्यत्वे हेच माँटमोरिलोनाइट असतं. ससा पंजे चाटून साफ करतो, त्यामुळे पायाला लागलेलं सगळं पोटात जातं. सशाला उलटी करता येत नाही. फुगणारी माती आतड्यात अडकली तर जिवावर बेततं. ही लिटर उकरायला कधीही देऊ नये.

मग द्यावं काय? आम्ही पाण्याची फुटकी प्लॅस्टिकची टाकी अर्ध्यावर कापून घेतली, कडा घासून गुळगुळीत केल्या, तळाला पाणी निथळायला भोकं पाडली. ससा पूर्ण पसरून मावेल एवढी लांबी आणि फूटभर थर, एवढं पुरतं. आत पोयट्याची माती आणि धुतलेली नदीची वाळू निम्मी निम्मी. बांधकामाची क्रश सँड टोकदार असते, ती नको. नर्सरीतली तयार माती तर मुळीच नको, तिच्यात निंबोळी पेंड, खत, कधी दाणेदार कीटकनाशकही मिसळलेलं असतं. माती चाळून, काळ्या प्लॅस्टिकवर पातळ पसरून एप्रिल-मेच्या उन्हात चांगली वाळवायची. सशांना कॉक्सिडिया या परजीवीचा फार त्रास होतो. लेंडीतून पडलेली त्याची अंडी ओलाव्यात पक्व होतात आणि कोरड्या उष्णतेत मरतात. नगरचं ऊन इथं कामाला येतं. लेंड्या रोज उचलायच्या आणि ओली झालेली माती लगेच काढून टाकायची.

फ्लॅटमध्ये माती नको असेल तर मोठ्या खोक्यात वाळलेलं मारवेल गवत, कडब्याचे तुकडे आणि चिकटपट्टी काढलेल्या साध्या कागदाच्या पट्ट्या भरा, तळाशी कोथिंबिरीच्या दोन काड्या लपवा. ससा खणून त्या शोधतो. कडबा पक्क्या ज्वारीचाच हवा. कोवळ्या किंवा पाण्यावाचून खुरटलेल्या ज्वारीत विष असतं, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. कांद्याच्या जाळीदार पोत्याचा तुकडा मात्र खोक्यात राहू देऊ नका. त्याचे धागे नखात अडकतात आणि ससा ते गिळतोही.

उन्हाळ्याचा मुद्दा वेगळा. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मोठ्या कानांतून सोडतो, आणि हवा तिशीच्या वर गेली की तेही पुरत नाही. आपल्याकडे पारा चाळिशी गाठतो. मूळ रानात ससा अशा वेळी बिळात जातो, कारण दिवसाची उष्णता जमिनीत खोलवर पोचेपर्यंत विरून जाते. हातभर खाली दुपार आणि मध्यरात्र यांत फारसा फरक उरत नाही. गच्चीवरच्या टाकीतली माती मात्र बाजूंनीही तापते, तिच्यात हा गारवा येत नाही. आम्ही टाकी जिन्याखालच्या सावलीत आणली आणि शेजारी जुना रांजण आडवा ठेवून त्यावर ओलं गोणपाट टाकलं. दुपारभर कापशी आणि तिची बहीण भुरी त्यातच पसरलेल्या असतात.

अंगण असेल तर मोकळ्या जमिनीत उकरू देणं सगळ्यांत छान, पण कुंपणाखालून ससा सहज बाहेर निघतो. वेल्डेड जाळी दीड फूट खोल गाडून तळाशी आत वळवावी. कोंबड्यांची पातळ जाळी तो कुरतडतो. जवळपास कण्हेर, घाणेरी, धोतरा नको. आणि रात्री ससा घरातच हवा, कारण बिबट्याचा धोका. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले परिसरात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरा ट्रॅप लावून केलेला अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उसाच्या, माणसांनी गजबजलेल्या त्या भागात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. गावकुत्री, मुंगूस, मांजरं तर दारातच असतात.

गेल्या महिन्यात कापशीचं वागणं एकदम बदललं. दिवसभर टाकीच्या एकाच कोपऱ्यात खणायची, तोंडात गवताचा भारा धरून न्यायची, मग स्वतःच्या छातीचे केस उपटून आत अंथरायला लागली. घरात नर नाही. ही खोटी गर्भधारणा. मादीला नराशिवायही होते आणि अडीच आठवड्यांत ओसरते. रानात आई पिल्लांसाठी असंच वेगळं बीळ खणते, दिवसातून एकदाच, चार-पाच मिनिटं दूध पाजते आणि निघताना बिळाचं तोंड मातीनं बुजवून टाकते. आम्ही तिला हात लावला नाही, गवत मात्र वाढवून दिलं. रात्री पाहिलं तर खळग्यात केसांचा मऊ गोळा होता, पिल्लं नव्हतीच. कापशी त्यावर माती लोटत होती, आणि लोटून झाल्यावर पंजांनी वरून थोपटत होती.