पक्ष्याची राखण

नव्वदचं दशक संपता संपता नागपूर-अमरावती महामार्गावरच्या कारंजा (घाडगे) सारख्या तालुक्याच्या गावांत टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले. ज्याच्या घरी गेम, त्याच्या घरी सुट्टीत सगळी आळी. कॅसेटवर छापलेला गेमचा आकडा हजारोंत, आत मात्र तेच ते गेम फिरून फिरून. त्यातला ‘टँकवाला’ लावायचा म्हटलं की दुसऱ्या रिमोटवरून भांडण ठरलेलं.

त्याचं मूळ नाव ‘बॅटल सिटी’. जपानच्या नामको कंपनीनं तो १९८५ मध्ये काढला. त्याआधी, १९८० मध्ये, अमेरिकेच्या अटारीनं एड रॉटबर्गकडून ‘बॅटलझोन’ करून घेतला होता. पेरिस्कोपला डोळे लावायचे, दोन हातांत दोन दांडे, एकेक दांडा रणगाड्याच्या एकेका पट्ट्याचा. समोर काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांचे डोंगर आणि धुमसता ज्वालामुखी. उद्याचं युद्ध कसं दिसेल, याची तेव्हाची कल्पना ती. अमेरिकी लष्करालाही भुरळ पडली, सैनिकांच्या सरावासाठी त्याची वेगळी आवृत्ती बनवून घेतली गेली. रॉटबर्गला ते काम मनापासून नको होतं.

दिसायला बॅटलझोन भारी, पण खेळ म्हणून मला बॅटल सिटीच सरस वाटतो. त्यात मारण्यापेक्षा राखायचं जास्त. पडद्याच्या तळाशी विटांच्या कुंपणात एक पक्षी बसलेला. शत्रूचे रणगाडे वीस. तुमचे कितीही जीव शिल्लक असोत, पक्ष्याला एक गोळी लागली की खेळ खलास. आणि ती गोळी तुमचीही असू शकते! सुरुवातीला एक गोळी कशावर तरी आदळेपर्यंत दुसरी सुटत नाही, म्हणून लांबून नेम चुकला की तेवढा वेळ तुम्ही निःशस्त्र. दोन चांदण्या मिळाल्या की लागोपाठ दोन गोळ्या, तिसरीनंतर पोलादी भिंतही फुटते. मेलात की चांदण्या गेल्या. जोडीदाराला गोळी लागली तर तो मरत नाही, जागच्या जागी खिळतो; शिव्या मात्र खऱ्या पडतात.

नकाशा स्वतः रचायचीही सोय होती. हुशार पोरं आधी पक्ष्याभोवती पोलाद लावून घेत आणि निवांत शिकार करत. पण ती चलाखी एका पातळीपुरतीच. पुढच्या पातळीला पुन्हा विटा.