फेऱ्या जिंकल्या, लढत हरली

टोकियो ऑलिंपिकमध्ये २९ जुलै २०२१ रोजी मुष्टियोद्धा मेरी कोम कोलंबियाच्या इंग्रिट वालेन्सियाकडून हरली. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकूनही हार कशी? रिंगभोवतीचे पाच पंच प्रत्येक फेरीत सरस खेळाडूला १० आणि दुसऱ्याला बहुधा ९ गुण देतात. पहिली फेरी चार पंचांनी वालेन्सियाला दिली, पुढच्या दोन मेरीने ३-२ अशा निसटत्या घेतल्या. पण निकाल फेऱ्या मोजून लागत नाही. प्रत्येक पंचाची बेरीज वेगळी होते, आणि त्या पाचांपैकी तीन बेरजा वालेन्सियाच्या बाजूने निघाल्या. खुद्द मेरीलाही आपणच जिंकलो असं वाटलं होतं. मग घरी बसलेल्या प्रेक्षकाला काय कळणार?

हे समजावणारा जाणकार प्रक्षेपणात हवाच. अमेरिकेत एचबीओ वाहिनीवर हॅरॉल्ड लेडरमन हे मुरलेले पंच लढत चालू असतानाच आपले गुण सांगत आणि त्यामागचं कारणही देत. फेऱ्यांमधल्या मिनिटभरात जाहिरात नको. पाचही पंचांचे आकडे दाखवावेत, कोपऱ्यातला प्रशिक्षक काय सांगतो ते ऐकवावं, आणि शेवटचा ठोसा दुसऱ्या बाजूने पुन्हा दाखवावा. एकाच कोनातून पाहिलं तर हातमोज्यावर अडलेला ठोसाही गालावर बसल्यासारखा दिसतो.