डबा उघडल्यानंतर

शेरलॉक होम्स हा विचाराने जितका नेटका, तितकाच राहणीने अव्यवस्थित गृहस्थ होता. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मस्ग्रेव्ह रिच्युअल’ या कथेत डॉक्टर वॉटसनने त्याच्या खोडींची जी यादी दिली आहे, तीत सिगार कोळशाच्या बादलीत आणि पाइपची तंबाखू एका इराणी सपातेच्या टोकात ठेवण्याच्या खोडीचा आवर्जून उल्लेख आहे. आदल्याच वर्षीच्या ‘एंजिनिअर्स थंब’ या कथेत आणखी एक तपशील सापडतो. दिवसभरात ओढून पाइपच्या तळाशी उरलेली तंबाखू होम्स शेकोटीवरच्या फळीच्या कोपऱ्यात वाळवून ठेवी आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीपूर्वीचा पाइप तिनेच भरी. सामान्य वाचक हे वाचून हसतो आणि पुढे जातो. पाइप ओढणाऱ्या वाचकाला मात्र या दोन तपशिलांत आपल्या रोजच्या दोन विवंचना ओळखू येतात. तंबाखू ओलसर राहील अशी ठेवावयाची कोठे, आणि ओढण्यापूर्वी ती वाळवावयाची किती?

या दोन विवंचना एकच आहेत असे समजण्यात बहुतेकांची चूक होते. ठेवण्याचा ओलावा वेगळा आणि ओढण्याचा ओलावा वेगळा. कारखानदार डबा भरतो तो पहिल्याच्या हिशेबाने. दुसऱ्याची सोय डबा उघडणाऱ्याने स्वतः करून घ्यावयाची असते.

इंग्लंडच्या वायव्य भागात, सरोवरांच्या प्रदेशाच्या कडेला, केंडल नावाचे एक जुने गाव आहे. टॉमस हॅरिसन नावाच्या गृहस्थाने १७९२ मध्ये ग्लासगोहून तपकीर करण्याची विद्या या गावी आणली आणि तेव्हापासून केंडलचे नाव तपकिरीशी व पाइपच्या तंबाखूशी जोडले गेले. व्हर्जिनिया जातीची पाने थरांवर थर रचून, दाबून व तापवून त्यांची घट्ट ढेप करावयाची आणि मग त्या ढेपेच्या पातळ पट्ट्या कापावयाच्या, ही तेथील नामांकित पद्धत. अशा पट्ट्यांचा चौकोनी डबा प्रथमच उघडणारा मनुष्य बहुधा गोंधळात पडतो. आत काळसर तपकिरी रंगाच्या, एकमेकींना चिकटलेल्या, बोटांना चक्क दमट लागणाऱ्या पट्ट्या असतात. माल सादळला आहे असे वाटून कोणी दुकानदाराकडे तक्रार घेऊन जातो, तर कोणी हा ताजेपणाच आहे असे समजून तत्काळ पाइप भरतो. पहिल्याची फजिती दुकानात होते, दुसऱ्याची जिभेवर.

तंबाखू ओली भरण्यात कारखानदाराची लबाडी नसते. वाळलेले पान पात्याखाली आले की त्याची पूड होते. ढेप बांधली जावी, पट्टी अखंड निघावी यासाठी पानात लवचीकपणा हवा आणि तो पाण्यावाचून येत नाही. शिवाय बंद डब्यात तंबाखू मुरत असते आणि त्या मुरण्यालाही ओलावा लागतो. कित्येक मिश्रणांत ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल यांसारखे पाणी धरून ठेवणारे पदार्थही घालतात. भारतीय मनाला यात नवल वाटावयास नको. हुक्क्यासाठी तंबाखू गुळात मळून गुडाखू करणाऱ्याने हीच युक्ती फार पूर्वीपासून वापरली आहे. गूळ हवेतले पाणी ओढतो आणि सोडता सोडत नाही, हे त्याला कोणत्याही रसायनशाळेने सांगितलेले नव्हते.

ही ओली तंबाखू तशीच पेटविली तर काय होते? एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. पाइपमधला निखारा ही उष्णता पुरविता पुरविता विझतो. ओढणारा पुन्हा काडी लावतो, अधिक जोराने झुरका घेतो. पाइपची वाटी हाताला चटका देऊ लागते आणि तळाशी पाणी साचून गुडगुड आवाज येतो. खरी खोच याच्या पुढे आहे. वाफ जिभेवर येऊन पुन्हा पाणी होते, तेव्हा तिने घेतलेली उष्णता ती तेथे परत करते. कोरड्या भट्टीच्या हवेपेक्षा किटलीच्या तोंडाची वाफ अधिक भाजते ती याच कारणाने. जीभ पोळली की तंबाखू जहाल आहे असा बोभाटा होतो. पुष्कळदा ती केवळ ओली असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तंबाखू बेताची वाळविल्याने जीभ वाचते, एवढेच. तिचा अपाय तसूभरही कमी होत नाही. पाइप ओढणाऱ्यांच्या ओठांना होणाऱ्या कर्करोगाकडे झॉमरिंग या जर्मन वैद्याने १७९५ मध्येच लक्ष वेधले होते. १९५० मध्ये डॉल आणि हिल यांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. भारतात २००९ पासून धूम्रपानाच्या तंबाखूच्या वेष्टनावर चित्रमय इशारा छापावा लागतो. पाइपभोवती विद्वत्तेचे आणि स्वास्थ्याचे जे वलय आहे, त्याने यात काही फरक पडत नाही.

आता वाळविण्याचा विधी. एका वेळेपुरती, म्हणजे एका पाइपाची, फार तर दिवसभराची तंबाखू डब्यातून काढावी. सगळा डबा पसरून बसू नये. पट्ट्या असल्यास त्या तळहातांत हलकेच चोळून मोकळ्या कराव्यात. हे काम मळण्याचे नव्हे, उकलण्याचे आहे. तंबाखू-चुना मळणाऱ्या अंगठ्याचा जोर येथे लावला तर हाती भुगा येईल. मोकळी केलेली तंबाखू साध्या कोऱ्या कागदावर पातळ पसरावी आणि सावलीत, पंख्याच्या झोतापासून दूर ठेवावी. छापील वर्तमानपत्राचा कागद घेऊ नये, कारण शाईचा वास तंबाखू चटकन घेते. उन्हात किंवा तव्यावर वाळविणे हा उतावळ्याचा मार्ग होय. त्याने पाण्याबरोबर सुगंधी तेलेही उडून जातात.

किती वेळ ठेवावी, याचे उत्तर घड्याळ देऊ शकत नाही; बोटे देतात. चिमूटभर तंबाखू अंगठा व तर्जनी यांत दाबून सोडावी. गोळा तसाच राहिला तर ती अजून ओली आहे. दाबताना कुरकुर आवाज होऊन तुकडे पडले तर ती मर्यादेबाहेर वाळली. गोळा सावकाश, जणू आळोखेपिळोखे देत उलगडला तर ती पाइपात भरावी. वजनाच्या भाषेत त्या वेळी तंबाखूत शेकडा १२ ते १४ भाग पाणी असते. केंडलसारख्या पट्टीला येथवर यावयास कधी अर्धा तास, कधी दोन-तीन तासही लागतात; बारीक कापलेल्या तंबाखूला दहा मिनिटे पुरतात. ग्लायकॉल घातलेली सुवासिक मिश्रणे मात्र या कसोटीला दाद देत नाहीत. ती हाताला अखेरपर्यंत मऊच लागतात, आणि हट्टाने वाळवीत बसल्यास ज्या सुवासासाठी ती घेतली तोच हरवतो.

हे झाले ओढण्याचे. ठेवण्याचा प्रश्न याहून बिकट, कारण तो हवेशी बांधलेला आहे आणि भारतात हवा एक नाही. पत्र्याचा डबा एकदा उघडला, आतली पोकळी फुस्स करून मोडली, की त्याचे झाकण पुन्हा तसे घट्ट बसत नाही. तो डबा मे महिन्यात दिल्लीला किंवा जोधपूरला असेल तर दुपारच्या हवेतली आर्द्रता २०-३० टक्क्यांवर उतरते आणि थोड्याच दिवसांत तंबाखूचा पाचोळा होतो. तोच डबा आषाढात रत्नागिरीला असेल तर हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते आणि पापड-मेतकुटाची जी गत तीच तंबाखूची. समुद्रकाठी तर पत्र्यालाच गंज धरतो. दिल्लीहून मुंबईस बदली होऊन आलेल्या मनुष्याची तंबाखू, तिची निगा राखण्याची पद्धत तीच ठेवूनही, पहिल्याच पावसाळ्यात कुबट होते ती यामुळे.

उपाय मराठी स्वयंपाकघराला ठाऊक आहे: काचेची, घट्ट झाकणाची बरणी. अमेरिकेतील जॉन मेसन याने १८५८ मध्ये आटे असलेल्या तोंडाच्या बरणीचे पेटंट घेतले ते फळे-भाज्या टिकविण्यासाठी. पाइपवाल्यांनी ती आपलीशी केली. लोणच्याच्या बरणीचे सगळे सोवळे येथे लागू पडते. बरणी धुऊन पूर्ण सुकलेली असावी, हात कोरडा असावा, झाकणाला रबरी कडे असावे. मोठ्या एका बरणीपेक्षा लहान दोन-तीन बऱ्या, म्हणजे दररोज उघडण्याची वेळ एकीवरच येते. बरणी अंधाऱ्या फडताळात ठेवावी आणि तिच्यावर नाव व तारीख लिहावी. फडताळ उंचावरचे असावे हेही बरे; निकोटिन हे विष आहे आणि गोड वासाची तंबाखू लहान मूल तोंडात घालू शकते.

बरणीच्या आतल्या हवेत ६०-६५ टक्के आर्द्रता असली की तंबाखू मऊ राहते आणि बुरशीही धरत नाही. ही मात्रा राखणाऱ्या तयार पुड्या मिळतात. आर्द्रतामापक वापरावयाचा असेल तर तो खरा आहे की नाही हे घरच्या मिठावर पाहता येते. मिठाचा घट्ट ओला लगदा बंद बरणीत मापकाशेजारी काही तास ठेवावा. त्या हवेत आर्द्रता ७५ टक्के होते आणि काटा तेथे स्थिरावला पाहिजे. तंबाखू मात्र त्या बरणीत ठेवू नये, कारण बुरशीचे राज्य तेथूनच सुरू होते. सफरचंदाची फोड किंवा बटाट्याची साल तंबाखूत ठेवण्याची जुनी शिफारस अनेकांच्या तोंडी असते. तिने तंबाखूला ओलावा मिळतो हे खरे, पण त्याबरोबर बुरशीचे बीही मिळते.

जुन्या तंबाखूवर कधी पांढरी झाक दिसते. तिला भिऊन सगळी बरणी फेकणारे आहेत, आणि ती खरवडून उरलेली तंबाखू ओढणारेही आहेत. ती झाक भिंगाखाली स्फटिकासारखी चमकत असेल व वास निर्मळ असेल तर ते पानातून बाहेर आलेले स्फटिक होत. ती कापसासारखी लवदार असून ओल्या तळघराचा वास येत असेल तर ती बुरशी होय. मग बरणीतला कण न् कण टाकून द्यावा. येथे काटकसर करू नये.

नीट बंद राहिलेली व्हर्जिनिया वर्षानुवर्षे मुरून गोड होत जाते. सिरियातील बंदराचे नाव मिरविणारी, धुराने शेकलेली लताकिया मात्र काळाबरोबर निस्तेज होते. २०१८ मध्ये डनहिल या नावाने निघणाऱ्या पाइपच्या तंबाखू बंद झाल्या, तेव्हा अनेकांनी उरलेले डबे घेऊन साठा केला. पुढे तीच मिश्रणे पीटरसनच्या नावाने पुन्हा आली. पण ज्यांच्याजवळ जुने डबे होते त्यांनी ते उघडावे की राखावे, हा प्रश्न सुटला नाही.

राहिली ती हेळसांडीने वाळून गेलेली तंबाखू. तिच्यावर पाणी शिंपडू नये. काही पाने भिजतात, काही कोरडी राहतात आणि भिजलेल्या जागी बुरशी धरते. रुंद तोंडाच्या वाडग्यात ती पसरावी, तोंडावर पिळून घेतलेले ओले फडके ताणून बांधावे, ते तंबाखूला टेकू देऊ नये. दर दोन तासांनी ढवळून चिमटीची कसोटी पाहावी. गोळा उलगडू लागला की तंबाखू बरणीत घालून दोन दिवस तशीच बंद ठेवावी, म्हणजे ओलावा सर्वत्र सारखा पोचतो. पानाचा मऊपणा अशाने परत येतो. उडून गेलेला वास मात्र येत नाही.