'शहरी नक्षल' : शिक्का आणि कायदा

नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलं की विधानभवनापासून पानठेल्यापर्यंत 'शहरी नक्षल', म्हणजे शहरात राहून नक्षलवाद्यांना साथ देणारा, हा शब्द हमखास कानी पडतो. गडचिरोलीच्या जंगलात गेली चार दशकं नक्षलवाद्यांशी चाललेल्या लढाईने तो शहरात आणून सोडला आणि मग तो कुणालाही चिकटू लागला.

गैरसमज : हा कायद्यातला गुन्हा आहे.
वस्तुस्थिती : नाही. बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) कायद्यात, म्हणजे यूएपीएत, 'बेकायदेशीर कृत्य', 'दहशतवादी कृत्य' यांच्या व्याख्या आहेत, या शब्दाची नाही. आपण तो वापरत नाही, असं खुद्द केंद्र सरकारने २०२० मध्ये संसदेत सांगितलं. भाषणात काहीही चालतं; आरोपपत्रात मात्र कलम लिहावं लागतं.

गैरसमज : म्हणजे सगळा बागुलबुवाच!
वस्तुस्थिती : तसंही नाही. भाकप (माओवादी) २००९ पासून यूएपीएच्या यादीत दहशतवादी संघटना आहे आणि शहरांत काम कसं करायचं यावर तिचा स्वतःचा दस्तऐवज आहे. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ माओवाद्यांनी घडवलेल्या भूसुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा खासगी वाहनचालक मारले गेले. हिंसा खरीच आहे. पण तिच्याशी अमुक एका माणसाचा संबंध जोडायचा, तर पुरावा लागतो.

गैरसमज : प्रा. साईबाबा तांत्रिक मुद्द्यावर सुटले.
वस्तुस्थिती : अर्धवट माहितीतून झालेला हा समज फार पसरला आहे. साईबाबा दिल्ली विद्यापीठात प्राध्यापक होते; माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून मार्च २०१७ मध्ये गडचिरोली सत्र न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सोडलं ते खटला चालवण्याच्या सरकारी मंजुरीतील त्रुटींवर, हे खरं. दुसऱ्याच दिवशी सुप्रीम कोर्टाने तो निकाल थांबवला आणि पुढे प्रकरण फेरसुनावणीला पाठवलं. ५ मार्च २०२४ रोजी तिथल्याच दुसऱ्या न्यायाधीशांच्या पीठाने मंजुरीबरोबर पुरावाही तपासला. घराच्या झडतीला पंच म्हणून घेतलेला माणूस निरक्षर होता. जप्तीही कोर्टाला विश्वासार्ह वाटली नाही. साईबाबांसह सगळे आरोपी निर्दोष सुटले. त्यांतले पांडू नरोटे तोवर कोठडीतच वारले होते. साईबाबा सुटकेनंतर सात महिन्यांनी गेले. शिक्का मात्र आजही समाजमाध्यमांवर फिरतोच आहे.

गैरसमज : घरात माओवादी पुस्तक सापडलं की संपलं.
वस्तुस्थिती : केवळ असं साहित्य बाळगणं म्हणजे दहशतवादी कृत्य नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२३ मध्ये म्हटलं. पण त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच कोर्टाने बंदी घातलेल्या संघटनेचं नुसतं सदस्यत्वही गुन्हा ठरवलं. पुस्तक आणि सदस्यत्व यांतला हा फरक चर्चेत कुणी लक्षात घेत नाही.

गैरसमज : शिक्के फक्त सरकारच मारतं.
वस्तुस्थिती : माओवाद्यांकडेही एक शिक्का आहे, 'पोलिसांचा खबऱ्या'. गडचिरोलीत भामरागड, एटापल्लीकडे हा आरोप लिहिलेल्या पत्रकासह आदिवासींचे मृतदेह सापडले आहेत. तिथे पंच नाही, वकील नाही, अपील नाही. खबऱ्या कोण हे ठरवणारे आणि शिक्षा देणारे एकच.