चित्रामागची आकडेमोड

मिरजेतल्या सीटी स्कॅनच्या खोलीत माझी सगळी नोकरी गेली. काचेपलीकडे झोपलेल्या माणसाला माइकवरून ‘हलू नका, श्वास रोखा’ असं सांगायचं. तो बेळगाव-विजापूरकडून आलेला असेल तर तेच कानडीत. फोटो हलेल म्हणून बाई सांगताहेत, असं बहुतेकांना वाटे. पण सीटीचं यंत्र पोटाचा किंवा डोक्याचा फोटो काढतच नाही. ते आकडे गोळा करतं आणि त्या आकड्यांवरून संगणक चित्र मांडतो. माणूस मध्येच हलला, की आधीचे आकडे एका जागेचे आणि नंतरचे दुसऱ्याच जागेचे होतात. मग गणित जुळत नाही आणि चित्रावर पट्टे उमटतात.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा घरोघरी आहे. दवाखान्यात संगणक आता कुठे शिरतोय, अशा सुरात लोक बोलतात. आमच्या खोलीत तो पहिल्या दिवसापासून होता. संगणक काढून घेतला तर सीटीचं यंत्र म्हणजे नुसतं फिरणारं कडं. म्हणून हे गणित सामान्य माणसाला समजावं, असं मला मनापासून वाटतं.

साध्या एक्स-रेमध्ये शरीराची सावली पडते. छातीच्या फासळ्या, हृदय, पाठीचा कणा सगळं एकावर एक येतं. डोक्याच्या एक्स-रेत तर कवटीच दिसते, आतला मेंदू दिसत नाही. आता चार घरांचा एक चौकोन घ्या. वरच्या ओळीत २ आणि ३, खालच्या ओळीत ४ आणि ५. हे आकडे झाकून ठेवा आणि समोरच्याला फक्त बेरजा सांगा: आडव्या ५ आणि ९, उभ्या ६ आणि ८. एवढ्यावर त्याला नक्की उत्तर सापडणार नाही, कारण या बेरजांत बसणारी उत्तरं अनेक आहेत. पण डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यात जाणारी तिरकी बेरीज ७ आहे, एवढं सांगितलं की चारही आकडे पक्के होतात. एक्स-रेचा प्रत्येक किरण शरीरातून जाताना अशीच एक बेरीज घेऊन बाहेर पडतो: वाटेत किती अडलो याची. चहूबाजूंनी पुरेशा बेरजा घेतल्या की आतलं प्रत्येक घर मोजता येतं.

हे शक्य आहे याची गणिती सिद्धता ऑस्ट्रियाच्या योहान राडोन यांनी १९१७ मध्येच दिली होती. वैद्यकाशी त्यांचा संबंध नव्हता आणि वैद्यकातल्या लोकांना त्यांचा पत्ता नव्हता. पुढे १९५६ मध्ये केपटाउनच्या ग्रूट स्खूर रुग्णालयात काम करताना अ‍ॅलन कॉर्मॅक या भौतिकशास्त्रज्ञाला प्रश्न पडला, की कॅन्सरच्या रुग्णाला किरणोपचार देताना शरीराच्या आत कुठे किती किरण अडतात हे कळल्याशिवाय मात्रा ठरवायची कशी? त्यांनी राडोन यांचं काम माहीत नसताना गणित नव्याने सोडवलं आणि १९६३ व १९६४ मध्ये दोन निबंध छापले. फारशी कुणी दखल घेतली नाही. निबंधाची प्रत मागणारं एक पत्र स्वित्झर्लंडमधल्या हिमकडे कोसळण्याचा अभ्यास करणाऱ्या केंद्राकडून आलं होतं, असं कॉर्मॅक यांनी पुढे नोबेल व्याख्यानात सांगितलं.

यंत्र उभं केलं ते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी. विद्यापीठाची पदवी नसलेला, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात रडार शिकलेला हा इंग्रज अभियंता ईएमआय कंपनीत संगणक बनवायचा. आपल्याकडे नाट्यसंगीताच्या तबकड्या ज्या एचएमव्हीच्या नावाने घरोघरी पोचल्या, ती याच ईएमआयच्या घराण्यातली. हाउन्सफील्ड यांच्या पहिल्या प्रयोगात एका नमुन्याची मापं घ्यायला ९ दिवस लागले आणि जमलेल्या सुमारे २८,००० मापांचं गणित सोडवायला त्या काळच्या मोठ्या संगणकाला अडीच तास. मेंदूवर प्रयोग करायचा म्हणून ते बैलांचे मेंदू घेऊन लंडनच्या सार्वजनिक वाहनांतून प्रवास करत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विंबल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्लीज रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला. एका स्त्रीच्या मेंदूत गाठ असल्याचा संशय होता. चित्र ८० गुणिले ८०, म्हणजे फक्त ६,४०० घरांचं. तरीही गाठ दिसली आणि शस्त्रक्रियेत ती तिथेच सापडली. १९७९ मध्ये कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड यांना नोबेल मिळालं.

याच १९७१ साली आपल्या जी. एन. रामचंद्रन यांनी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासोबत एक निबंध प्रसिद्ध केला. रामचंद्रन म्हणजे सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी, प्रथिनांच्या रचनेवरच्या कामासाठी जगभर नावाजलेले. सावल्यांवरून आतली रचना मांडायची एक सरळ पद्धत होती: रांगोळीची रेघ बोटाने ओढून पसरवावी तशी प्रत्येक सावली ज्या दिशेने आली त्या दिशेने कागदावर उलटी पसरवायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. पण अशाने चित्र धुरकट येतं, प्रत्येक ठिपक्याभोवती वलय राहतं. नेमकं चित्र काढायचं तर फार लांबलचक गणित करावं लागे. रामचंद्रन-लक्ष्मीनारायणन यांनी दाखवलं, की पसरवण्याआधी प्रत्येक सावलीवर एक ठरावीक, सोपी प्रक्रिया केली, म्हणजे तिच्या कडांना थोडे ऋण आकडे जोडले, की धूसरपणा आपोआप एकमेकांत कटतो. काम कमी आणि चित्र स्वच्छ. पुढची कित्येक दशकं जगभरातल्या सीटी यंत्रांत याच जातीचं गणित चाललं, आणि सावलीवरची ती प्रक्रिया, म्हणजे गाळणी, आजही या दोघांच्या नावांवरून ‘राम-लाक’ म्हणून ओळखली जाते. आपल्या मुलांना हे शाळेत सांगितलं जायला हवं. ज्या यंत्राखाली त्यांचे आजी-आजोबा झोपतात, त्याच्या पोटात दोन भारतीयांचं गणित आहे.

मी कामाला लागले तेव्हा एकेक काप, म्हणजे शरीराचा एक पातळ आडवा छेद, घ्यावा लागे. एक काप, श्वास सोडा, टेबल पुढे, पुन्हा श्वास रोखा. दम लागलेल्या म्हाताऱ्या माणसाचे फार हाल व्हायचे. १९८९ च्या सुमारास टेबल सरकत असतानाच कडं फिरतं ठेवण्याची, सर्पिल स्कॅनची पद्धत आली होती. मग एका फेरीत ४, पुढे १६, २००४ च्या सुमारास ६४ काप घेणारी यंत्रं आली. त्यामागे जितकी चांगली एक्स-रेची नळी आहे तितकाच वेगवान संगणक आहे, कारण आता एकेका कापात ५१२ गुणिले ५१२, म्हणजे अडीच लाखांहून जास्त घरं असतात आणि कापांची संख्या शेकड्यांत. पूर्ण छाती आता काही सेकंदांत होते.

या वेगाची खरी किंमत पक्षाघाताच्या रुग्णाला कळते. अर्धांगवायूचा झटका मेंदूतली नस तुंबल्याने येतो किंवा फुटल्याने. तुंबली असेल तर गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. फुटली असताना तेच औषध दिलं तर माणूस दगावू शकतो. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. सीटीत पाण्याला ० आणि हवेला उणे १००० धरून मोजणारी जी पट्टी आहे, तिच्यावर मेंदू साधारण तीस-चाळीसच्या आसपास येतो, ताजं रक्त साठ-सत्तरच्या. हाडाचे आकडे हजारापर्यंत जातात, त्यापुढे हा फरक किती बारीक! तरी त्या फरकावर औषध द्यायचं की नाही हे ठरतं.

आता नवं काय आलं? २००९ च्या सुमारापासून यंत्रं पुन्हा जुन्या वाटेकडे वळली: आधी एक अंदाजी चित्र मांडायचं, त्याच्या बेरजा मोजलेल्या बेरजांशी ताडायच्या, चूक सुधारायची, पुन्हा ताडायच्या. हाउन्सफील्ड यांची सुरुवात अशीच होती, पण तेव्हाच्या संगणकांना ती झेपत नव्हती. व्हिडिओ गेमसाठी बनलेल्या ग्राफिक्स चिपांनी ती आवाक्यात आणली. याचा थेट फायदा म्हणजे कमी किरणांत चालणारं काम. डोक्याच्या एका स्कॅनला साधारण २ मिलिसिव्हर्ट, पोटाच्या स्कॅनला त्याच्या चार-पाच पट किरण लागतात. निसर्गातून माणसाला वर्षभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणून प्रत्येक बचत मोलाची. २०१९ पासून उदाहरणांवरून शिकवलेली संगणकी जाळीही (न्यूरल नेटवर्क) या कामात आली. कमी किरणांतलं खरखरीत चित्र आणि जास्त किरणांतलं स्वच्छ चित्र अशा जोड्या दाखवून त्यांना खरखर काढायला शिकवलेलं असतं. चित्र सुरेख येतं. पण माझं स्पष्ट मत आहे, की सुरेख चित्र पाहून निर्धास्त होऊ नये. यकृतातली फिकट, बारीक गाठ खरखरीसोबत पुसली जाण्याचा धोका असतो. तिथे अनुभवी रेडिओलॉजिस्टची नजरच हवी.

चित्र वाचण्याचं कामही संगणक शिकला आहे. मुंबईच्या क्यूअर डॉट एआय या कंपनीने २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामासाठी भारतातल्या सुमारे २० केंद्रांमधले तीन लाखांहून अधिक डोक्याचे स्कॅन वापरले होते. रक्तस्राव आणि कवटीचं फ्रॅक्चर ओळखणं हा त्याचा हेतू. रात्री दोन वाजता डॉक्टर एकच असताना कुठला स्कॅन आधी बघायचा, एवढं जरी संगणकाने सांगितलं तरी जीव वाचतो.

मला सगळ्यात जास्त आशा मात्र क्षयरोगाच्या साध्या छातीच्या एक्स-रेबद्दल आहे. जगातले सुमारे चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आढळलं, की एक्स-रे काढले नसते तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते, कारण त्यांना ठरलेल्या लक्षणांपैकी काही नव्हतं. एक्स-रे काढणं सोपं आहे. वाचणारा डॉक्टर तालुक्याला मिळत नाही. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षं आणि त्यावरच्या व्यक्तींच्या चाचपणीसाठी वाचणाऱ्या माणसाऐवजी संगणक वापरायला मान्यता दिली. भारतात डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या क्षयरोगाविरुद्धच्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात धरायची एक्स-रे यंत्रं गावांत गेली. संगणक फक्त संशय किती, याचा एक गुण देतो. संशय आला तर थुंकीची तपासणी करावीच लागते, कारण बऱ्या झालेल्या जुन्या क्षयाचे व्रण त्याला फसवतात. लहान मुलांसाठी ही मान्यता नाही, हेही आशाताईंनी आणि पालकांनी लक्षात ठेवावं.

एक गोष्ट मात्र कुठलाही संगणक करू शकत नाही, ती घरच्यांनी करायची आहे. नुकताच झालेला स्कॅन सापडत नाही म्हणून पुन्हा काढलेले स्कॅन मी फार पाहिले. पैसे गेले आणि किरणही फुकट अंगावर घेतले. स्कॅनची सीडी किंवा फाइल नीट ठेवा, नव्या डॉक्टरांना आधी दाखवा, सोनोग्राफीने भागेल का असं मोकळेपणाने विचारा, दिवस गेले असण्याची शंका असेल तर आत जाण्याआधीच सांगा. आणि जुने स्कॅन कपाटात कुठे आहेत, हे घरातल्या एकाहून जास्त माणसांना माहीत असू द्या.